आडोसा आणि आडपडदा

आपल्या मराठी भाषेंत दोन शब्द असे आहेत कीं, ते एकाच घराण्यांतले असूनहि त्यांची चाल निराळी आहे. एक आडोसा आणि दुसरा आडपडदा. पावसांत सांपडलेला वाटसरू झाडाचा आडोसा धरतो. बाळंतिणीच्या खाटेस लुगड्याचा आडोसा करितात. दिवा वाऱ्यानें विझूं नये म्हणून आपण हाताचा आडोसा करितों. या शब्दांत कोणाचाहि अपमान नाहीं. परंतु दोन मित्रांमध्यें आडपडदा आला, असें कोणी म्हटलें कीं ऐकणाऱ्याचें मन खट्टू होतें. कापड तेंच, तट्ट्या त्याच, वेलहि तीच. मग कोणता पडदा आडोसा व कोणता आडपडदा, हें ओळखावें कसें? प्रश्न वरकरणी लहान दिसतो. पण ज्याच्या घरास शेजार आहे त्या प्रत्येकास तो कधीं ना कधीं सोडवावा लागतो. आम्हांस तो अशा रीतीनें सोडवावा लागला कीं तें विसरणें शक्य नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

नाशकांत आम्ही राहतों त्या घरामागें लहानसें परसदार आहे. तेथें नळ, धुण्याचा दगड, कपडे वाळत घालण्याची दोरी व कोपऱ्यांत कढीपत्त्याचें झाड, एवढाच संसार. एका बाजूस कंबरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या वृद्ध बाईंचें मागलें दार. त्या विधवा असून एकट्याच राहत. मुलगे नोकरीनिमित्त दूरगांवीं. सकाळीं सात वाजल्यापासून त्या उंबऱ्याशीं पाट टाकून धान्य निवडीत बसत, आणि त्यांचें तोंड आमच्या परसाकडे असे. "आज काय भाजी?" "काल रात्रीं दिवा फार वेळ होता, कोणी पाहुणे आले होते वाटतें?" असले प्रश्न रोजचे. कपडे धुतांना, केंस वाळवितांना दुसऱ्याची नजर पाठीवर असावी, याचा आमच्या कुटुंबास संकोच वाटे. तिनें आम्हांस एवढेंच सांगितलें कीं, येथें कांहीं तरी आडोसा करा.

त्याच सुमारास आमच्या थोरल्या मुलीच्या घरीं परतण्याच्या वेळेवरून त्या बाई गल्लींत कांहीं बोलल्या, असें तिऱ्हाइताकडून आमच्या कानीं आलें. तें खरें कीं खोटें याची आम्हीं विचारपूस केली नाहीं. विचारलें असतें तर कदाचित् राग गेला असता. आणि खरें सांगावयाचें तर राग जावा अशी आमची इच्छाच नव्हती. दुसऱ्याच दिवशीं आम्ही रोपें आणावयास गेलों. भिंत उंच केली असती तर गल्लीनें कारण विचारलें असतें. वेल लावणारास कोणी कारण विचारीत नाहीं; उलट हौशी म्हणून त्याची वाखाणणी होते. फुलांच्या आड राग लपवितां येतो, हें त्या दिवशीं आम्हांस पुरतें ठाऊक होतें.

विलायती बागकामाच्या पुस्तकांत अशा कामीं हनिसकल नांवाची वेल सांगितलेली असते. आपल्याकडे पुष्कळ लोक मधुमालतीलाच तें नांव देतात. पण या दोन वेलींचें कूळ अगदीं निराळें. आम्हीं लावली ती मधुमालती. तिचें फूल संध्याकाळीं पांढरें उमलतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें व पुढें लाल. म्हणून एकाच घोसांत तिन्ही रंग दिसतात. रात्रीं सुगंधामुळें लांब सोंडेचे पतंग येतात, दिवसा मधमाश्या व शिंजीर पक्षी येतात. जुनें पान गळतें तेव्हां देठाचा खालचा भाग फांदीवर तसाच राहून कांट्यासारखा कठीण होतो, आणि त्याच्याच आधारानें वेल वर चढते. तिचा भार मोठा. म्हणून द्राक्षबागेंत रोवतात तसे लोखंडी अँगल आम्हीं भिंतीशीं पुरले, तारा ओढल्या, आणि त्यांवर कामट्यांची ताटी बांधली. दोन पावसाळ्यांत ताटी दिसेनाशी झाली. दोन्ही घरांमध्यें पुरुषभर उंचीची हिरवी भिंत उभी राहिली. पलीकडचे प्रश्नहि हळूहळू बंद झाले.

या वेलीच्या नांवाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शास्त्रज्ञ तिला आतां काँब्रेटम इंडिकम म्हणतात. पूर्वीचें नांव क्विस्क्वालिस इंडिका. क्विस व क्वालिस हे लॅटिन शब्द असून त्यांचा अर्थ 'कोण?' आणि 'कसा?' असा आहे. १७ व्या शतकांत डच कंपनीच्या नोकरींत अंबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियस नामक विद्वानानें तें नांव दिलें. ही आधीं झुडपासारखी उभी राहते आणि मग वेलीसारखी धांवूं लागते. तेव्हां हिला म्हणावें तरी काय, असा तो प्रश्न. हा रुम्फियस १६७० सालीं आंधळा झाला, तरी त्यानें वनस्पतींवरील आपला मोठा ग्रंथ सोडला नाहीं. कोण आलें? कसें आहे? हेच दोन प्रश्न शेजारच्या उंबऱ्यावरून आम्हांस रोज येत होते. डोळे गेलेला मनुष्य तेच प्रश्न जिज्ञासेनें व प्रेमानें विचारूं शकतो, आणि डोळस मनुष्य ते ऐकून रागावूं शकतो, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशीरां आली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आडोसा मागणें हा अपराध नव्हे; तो मनुष्याचा हक्क आहे, आणि फार जुना आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत, सावकारास आज्ञा आहे कीं, ऋणकोच्या घरांत शिरून गहाण उचलूं नये. आपण बाहेर उभें राहावें व त्यानें तें आणून द्यावें. पैसा सावकाराचा असला तरी उंबरा गरिबाचा. पुढें इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना नामक यहूदी नियमसंग्रहांत असें ठरविलें आहे कीं, सामाईक अंगणांत शेजाऱ्याच्या दारासमोर दार व खिडकीसमोर खिडकी पाडूं नये. नुसत्या पाहण्यानेंहि शेजाऱ्याची हानि होते, हें त्या शास्त्र्यांस मान्य होतें. आपल्या देशांत १८८२ च्या इझमेंट्स ॲक्टाच्या १८ व्या कलमांत उदाहरण दिलें आहे कीं, एखाद्या नगराची तशी रूढि असल्यास शेजाऱ्याचा एकांत मोडेल अशी नवी खिडकी कोणास पाडतां येत नाहीं. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, एकांताचा हक्क हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग होय.

परंतु न्यायालयाच्या निकालानें गरिबाच्या परसांत कूड उभा राहत नाहीं. आमच्या खेड्यांतील वाचकांस हें सांगणें नको. ज्याच्या घरास चार भिंती व न्हाणी आहे त्यास आडोसा जन्मतःच मिळालेला असतो. त्याची किंमत त्यास कळत नाहीं. ज्या माउलीस स्नानासाठीं तुराट्यांचा कूड व गोणपाटाचा पडदा एवढाच आधार असतो, किंवा तोहि नसल्यामुळें पहांटेच्या काळोखाची वाट पाहावी लागते, तिला विचारा म्हणजे आडोसा म्हणजे काय तें ती सांगेल. अब्रू हा शब्द आपण मोठमोठ्या प्रसंगीं वापरतों; पण अब्रूची रोजची वस्ती त्या गोणपाटाच्या आड असते. म्हणून ज्यास फुलांची वेल चढविण्याची ऐपत आहे त्यानें आधीं आपल्या आळींत असा कूड कोणास हवा आहे काय, हें पाहावें. जो आडोसा आपण दुसऱ्यास करून देतों तो आडपडदा होत नाहीं.

आतां दुसरी बाजू. महाराष्ट्रांत ताटी हा शब्द उच्चारला कीं ज्ञानेश्वर व मुक्ताबाई यांची आठवण होते. परंपरेनें सांगितलेली कथा अशी कीं, लोकांच्या निंदेनें व्यथित होऊन ज्ञानेश्वर कुटीची ताटी लावून आंत बसले, तेव्हां धाकट्या बहिणीनें बाहेर उभें राहून त्यांस ताटी उघडण्याची विनवणी केली. ते 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध आहेत. या भावंडांत वडील जे निवृत्तिनाथ त्यांची समाधि आमच्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वर येथें आहे, म्हणून ही कथा येथील मुलांच्याहि तोंडीं असते. आम्हीं ती किती वेळां ऐकली असेल! पण तींतील एक गोष्ट आमच्या लक्षांत आली नव्हती. जगानें दुखविलें म्हणून ताटी लावणाऱ्यास आपण एकांत शोधीत आहों असें वाटतें, वस्तुतः तो शिक्षा करीत असतो. आणि ती शिक्षा निंदा करणाऱ्यांस पोंचत नाहीं. जी दाराशीं उभी आहे तिलाच पोंचते. आमच्या कुटुंबानें मागितला तो आडोसा होता. आम्हीं लावला तो आडपडदा होता. वेल एकच, पण लावणाऱ्यांचे हेतु दोन होते, आणि वेलीला पाणी कोणत्या हेतूचें मिळत होतें हें बाहेरून कोणासहि कळत नव्हतें.

तिसऱ्या वर्षीं पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं आम्ही मागल्या खोलींत मंडळीच्या वर्गणीचा हिशेब लिहीत बसलों होतों. आमचें कुटुंब माहेरीं गेलें होतें. साडेसातच्या सुमारास पलीकडून कांहीं पडल्याचा आवाज आला, व पाठोपाठ बारीक कण्हणें. आम्हीं मान वर केली. समोर वेल, तिच्यावर पावसाचे थेंब. मांजरानें भांडें पाडलें असेल असें समजून आम्हीं पुन्हा आंकडे मांडण्यास सुरुवात केली. कण्हणें मधूनमधून ऐकूं येत होतें. मग पावसाची सर आली आणि तें ऐकूं येईनासें झालें. अकरा वाजतां भांडीं घासणारी बाई त्यांच्याकडे आली, तेव्हां तिच्या ओरडण्यानें आम्ही धांवलों. म्हाताऱ्या बाई शेवाळावरून घसरून धुण्याच्या दगडाशीं पडल्या होत्या. खुब्याचें हाड मोडलें होतें, अंगावरचें लुगडें भिजून चिंब झालें होतें. आमच्या खुर्चीपासून तें ठिकाण दहा पावलांवर होतें. पूर्वींची कंबरेएवढी भिंत असती तर मान वर करतांच त्या आम्हांस दिसल्या असत्या.

त्या वांचल्या. इस्पितळांत त्यांच्या खाटेपाशीं बसलों असतां आम्हीं मोठ्या कष्टानें म्हटलें, "आजी, आम्हांला आवाज ऐकूं आला होता. आम्ही उठलों नाहीं." त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, व त्या म्हणाल्या, "अहो पाळकसाहेब, पावसांत कोणाला काय ऐकूं येतंय?" मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "मी कांहीं तुमचं घर बघत नव्हतें हो. एकटं माणूस, पलीकडे माणसांची चाहूल असली कीं बरं वाटायचं. वेल वाढली तशी मी म्हटलं, असूं दे, सूनबाईला संकोच होत असेल." आमच्या कुटुंबास त्या सूनबाई म्हणत. मुलीविषयीं गल्लींत झालेल्या बोलण्याचा विषय आम्हीं काढला नाहीं, पण त्याच आपण होऊन म्हणाल्या, "पोरगी रात्रीं उशीरां येते, गल्लींतला दिवा बंद आहे, कोणी तरी नगरपालिकेंत सांगा, असं मी किती जणांना म्हटलं." तिऱ्हाइतानें आम्हांस त्या वाक्याचें शेपूट तेवढें आणून दिलें होतें, डोकें आम्हीं स्वतः जोडलें होतें.

त्या दिवसापासून आम्हीं स्वतःस कांहीं प्रश्न विचारण्याचा नियम केला आहे. ते येथें देतों. वाचकांनीं आपल्या अनुभवानें ते पडताळून पाहावे.

पहिला प्रश्न, या पडद्याआड कोण बसलें आहे? देह, विश्रांति, प्रार्थना, आजार, शोक, पतिपत्नींचें बोलणें, यांस आडोसा हवाच. तो नसेल तर मनुष्य सुकून जातो. पण पडद्याआड राग बसला असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे अन्याय बसला असेल, तर तो आडपडदा. कित्येक घरांत बायकोवर हात उगारला जातो, आणि शेजारी धांवला तर "हा आमच्या घरचा प्रश्न आहे" असें उत्तर मिळतें. एकांताच्या पवित्र हक्काचा याहून मोठा दुरुपयोग नाहीं. घराचा आडोसा घरांतील सर्वांचा असतो. त्यांतील बळकट माणसाच्या मुठीचा नव्हे. तेथें शेजाऱ्यानें दार ठोठावलेंच पाहिजे.

दुसरा प्रश्न, हा पडदा उघडण्याचा अधिकार कोणाचा? लक्ष्मीबाई टिळक यांचें माहेर नाशकाजवळील जलालपूर. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्यांनीं आपल्या संसारांतील भांडणें, दारिद्र्य, फजित्या मोकळ्या मनानें सांगितल्या आहेत. तो आडोसा त्यांचा होता व त्यांनीं तो आपल्या हातानें दूर केला, म्हणून वाचणाऱ्यास संकोच वाटत नाहीं. उलट आपलेंच घर पाहिल्याचें समाधान होतें. त्याच गोष्टी एखाद्या शेजारणीनें खिडकींतून पाहून गांवभर सांगितल्या असत्या तर ती चोरी झाली असती. दुसऱ्याच्या वेलीआड डोकावणें, आणि आजकाल दुसऱ्याचें छायाचित्र त्यास न विचारतां चार लोकांस दाखविणें, हीं एकाच जातीचीं कामें होत.

तिसरा प्रश्न, या पडद्यांतून हांक पार जाते काय? आमच्या मतें हाच खरा कस आहे. नजर ठेवणें निराळें आणि लक्ष असणें निराळें. नजर ठेवणारा आपल्या उणिवा मोजतो. लक्ष ठेवणारा आपली चाहूल घेतो. नजरेस अडविण्याचा आपणांस अधिकार आहे. लक्ष अडविलें तर आपण त्याला मुकतोंच. शिवाय तें देण्याचें आपलें कर्तव्यहि चुकतें. आमची चूक वेल लावण्यांत नव्हती. आम्हीं ती शेजारणीस न विचारतां, एक शब्दहि न बोलतां लावली, ही आमची चूक. "आजी, घरांतल्यांना संकोच होतो, म्हणून येथें वेल लावतों, पण कांहीं लागलें तर हांक मारा," एवढें वाक्य बोललों असतों तर तीच वेल आडोसा झाली असती. मग कण्हणें ऐकूं आल्यावर मांजर आठवलें नसतें; आजी आठवल्या असत्या. कान बंद केले होते ते पानांनीं नव्हे.

वेल उपटून टाकावी असें पहिल्यांदा आमच्या मनांत आलें. माहेराहून परतलेल्या आमच्या कुटुंबानें तें मोडून काढलें. ती म्हणाली, "वेलीनें काय केलंय? मला आडोसा अजून हवा आहे. तुम्ही भिंतींत एक दिंडी पाडा." पश्चात्तापाच्या भरांत माणूस पुष्कळदां दुसऱ्याच्या सोयीवर कुऱ्हाड चालवितो, हें तिच्या बोलण्यानें कळलें. नळ व दोरी यांच्या समोरची वेल तशीच ठेवून टोंकाला दोन हात रुंदीची वाट मोकळी केली, भिंत तेवढी फोडली व तेथें साधें लांकडी फाटक बसविलें. त्यास कुलूप नाहीं. त्यापूर्वीं दोघांनींहि जाऊन आजींस विचारलें; त्यांनीं कडी आपल्याही बाजूनें असावी एवढी एकच अट घातली, आणि ती अगदीं रास्त होती. त्यांनाहि आडोसा हवा असेल, हें आम्हांस तोंवर सुचलेंच नव्हतें.

छाटणीचें महत्त्व नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यास आम्हीं काय सांगावें! द्राक्षाच्या मांडवावर तो वर्षांतून दोनदां कात्री चालवितो, एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी. न छाटलेली वेल पाला देते, घड देत नाहीं. खऱ्या हनिसकलाची एक जपानी जात १८०६ च्या सुमारास अमेरिकेंत शोभेसाठीं नेली. ती बागांतून निसटून रानांत शिरली, आणि आतां तेथें कोंवळ्या झाडांस विळखे घालून त्यांचा प्रकाश तोडते. वेल तीच, हात फिरला नाहीं एवढाच दोष. आडोशाचेंहि तसेंच आहे. एकदां लावला म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. आपण कोणापासून लपलों होतों व कां, हें मधूनमधून पाहावें लागतें, आणि कारण गेलें असेल तेथें कात्री चालवावी लागते.

आजी आतां काठी घेऊन चालतात. उंबऱ्याशीं बसणें त्यांनीं सोडलें नाहीं. सकाळीं आमच्यांतील कोणी तरी फाटकापाशीं उभें राहून "आजी, उठलांत काय?" अशी हांक मारतें, आणि पलीकडून "उठलें हो" असें उत्तर आल्याशिवाय आम्ही आपल्या कामास लागत नाहीं. कधीं कधीं उत्तरास उशीर होतो. तेवढा वेळ आम्हांस त्या सकाळचे आंकडे आठवतात.